हॅवलॉकला कोणाला न्यायचे आणि कोणाला मागे ठेवायचे?

पत्राचा सारांश : कोल्हापूरहून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचे त्यांच्या घरात ठरले आहे. त्या स्वतः, त्यांचे पती, सहावीत शिकणारा बारा वर्षांचा मुलगा, ७६ वर्षांचे वडील आणि ७१ वर्षांच्या सासूबाई अशी पाच माणसे आहेत. वडिलांची चौदा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी, ही त्यांची शाळेच्या वयापासूनची इच्छा आहे. सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांना पाण्याची भीती वाटते. मुलाला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे. त्याला लहानपणी दमा होता आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत पंप घ्यावा लागत असे. हाताशी सहा रात्री आहेत आणि त्यांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि बाराटांग बसवायचे आहे. बोटीचा प्रवास वृद्धांना झेपणार नाही, म्हणून वडील आणि सासूबाई यांना तीन दिवस पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात ठेवून आपण तिघांनी हॅवलॉकला जाऊन यावे, असा त्यांचा विचार आहे. पण हे त्या दोघांना सांगायचे कसे, हा पेच आहे. शिवाय परवाना, जेवण, पैसे, फोन, मगरी आणि सहल कंपनीबरोबर जावे की स्वतंत्र, अशा प्रश्नांची एक यादीही त्यांनी सोबत जोडली आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. हे कसे सांगावे, असे तुम्ही विचारले आहे, पण सांगण्याच्या आधी विचारण्याची एक पायरी असते आणि ती तुमच्याकडून राहिली आहे असे मला वाटते. वडिलांना बोट झेपणार नाही हे तुम्ही, सासूबाईंना पाण्याची भीती आहे म्हणून त्या बेटावर रमणार नाहीत हे बहुधा तुमच्या यजमानांनी, आणि दोघांना हॉटेलात बरे वाटेल हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. त्या दोघांशी यातले काही बोलणे झाल्याचे पत्रात कुठेही नाही. त्यातही एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. तुमचे वडील आणि तुमच्या सासूबाई हे परस्परांचे व्याही आणि विहीणबाई आहेत. अनोळखी गावातल्या हॉटेलात त्या दोघांनी तीन दिवस एकमेकांच्या सोबतीने काढायचे, म्हणजे सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत दोघांनीही संकोचात राहायचे. दोघेही तुमच्यापाशी एका शब्दाने तक्रार करणार नाहीत, आणि म्हणूनच हा विचार तुम्ही सोडावा असे मी म्हणते.

आता बोटीविषयी. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. खासगी कॅटामरान बोटी ते दीड ते दोन तासांत कापतात, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात. खासगी बोटी बंदिस्त आणि वातानुकूलित असतात, बसायला विमानासारख्या खुर्च्या असतात आणि आत स्वच्छतागृहही असते. समुद्र शांत असला, तर कोल्हापूरहून पुण्याला बसने जाण्यापेक्षा हा प्रवास वडिलांना सोपा वाटेल. त्रास होतो तो जेट्टीवर. उन्हात थोडे चालावे लागते, रांगेत उभे राहावे लागते, आणि बोटीत पाऊल टाकताना ती किंचित हलत असते. तिथे बोटीवरची माणसे हाताला धरतात. वडिलांनी संकोच न करता तो हात धरावा, एवढे त्यांना आधी सांगून ठेवा.

याउलट पोर्ट ब्लेअरमधला भाग तुम्ही सोपा समजला आहात, आणि वडिलांच्या हृदयाची खरी परीक्षा तिथेच होणार आहे. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, त्यांपैकी आज तीन उभ्या आहेत. प्रत्येक इमारत तीन मजल्यांची आहे. १९११ च्या जुलैमध्ये सावरकरांना इथे आणले गेले, आणि त्यांची म्हणून जी कोठडी दाखवतात ती सर्वांत वरच्या मजल्यावर, एका इमारतीच्या अगदी टोकाला आहे. म्हणजे जिने चढून मग लांबलचक व्हरांडा चालायचा. लिफ्ट असेल असे गृहीत धरू नका. वडिलांनी तिथे पोहोचावे असे मलाही मनापासून वाटते, आणि त्यासाठीच सांगते की जेलसाठी दुपारचे तापलेले तास निवडू नका, सकाळी आत प्रवेश सुरू होताच जा, प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटे बसू द्या, आणि त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नका. निघण्यापूर्वी घरच्या इमारतीचे दोन मजले रोज सावकाश चढण्याचा सराव हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने महिनाभर केला, तर तुम्हालाही अंदाज येईल. आणि समजा नाहीच चढता आले, तरी खाली अंगणात कोलूची जागा आहे, फाशीघर आहे, आणि मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार कोरलेली कैद्यांची नावे आहेत. त्यांत बंगाल आणि पंजाबातली नावे किती आहेत, हे नातवाने आजोबांबरोबर उभे राहून वाचावे. शाळेत आपण एकाच कोठडीविषयी ऐकलेले असते. तिथे गेल्यावर इमारतीचा सगळा आवाका कळतो.

वडिलांच्या बाबतीत मोजायचा धोका वेगळा आहे, आणि तो त्यांच्यापासून लपवू नये. हॅवलॉकवर प्राथमिक उपचार होतात, पण हृदयाच्या तातडीच्या उपचारांसाठी पोर्ट ब्लेअरचे गोविंद वल्लभ पंत रुग्णालयच गाठावे लागते, आणि रात्री प्रवासी बोट नसते. त्यामुळे तज्ज्ञांना विचारताना ‘अंदमानला जाऊ का’ असा मोघम प्रश्न विचारू नका. ‘मोठे रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असलेल्या ठिकाणी तीन रात्री राहायचे आहे, चालेल का’ असा नेमका प्रश्न विचारा, आणि तो विचारताना वडील समोर असू द्या. डॉक्टरांनी हो म्हटले आणि वडिलांनीही हो म्हटले, तर तुम्ही नाही म्हणू नये. डॉक्टरांनी नाही म्हटले, तर वडिलांच्या सोबत तुमच्यापैकी एकाने पोर्ट ब्लेअरला थांबावे, दोन दिवसांनी अदलाबदल करावी. विहीणबाईंवर ती जबाबदारी टाकू नये. औषधे दुप्पट घ्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, म्हणजे एक पिशवी राहून गेली तरी अडणार नाही. मळमळीच्या गोळ्या बहुतेक जण सरसकट घेतात, पण त्यांनी गुंगी येते आणि त्या वयात इतर औषधांबरोबर त्या चालतीलच असे नाही, म्हणून तेही त्याच भेटीत विचारून घ्या. बोटीत मधल्या भागात खालच्या मजल्यावर बसा, सकाळी रिकाम्या पोटी निघू नका, आणि मोबाईलमध्ये डोके घालून बसण्यापेक्षा दूर क्षितिजाकडे पाहा. मळमळ टाळण्याचे हे उपाय साधे आहेत, पण बहुतेकांना लागू पडतात.

दुसरे गृहीतक दिवाळीचे. आपल्याकडे दसऱ्यानंतर पाऊस संपतो, म्हणून तिकडेही संपत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अंदमानला दोन्ही मोसमी वारे भिजवतात. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा पाऊस, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस तिथे पडतो. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा मोठा हंगामही ऑक्टोबर ते डिसेंबर हाच आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात ‘लेहर’ हे वादळ अंदमानवरून गेले. २०१६ च्या डिसेंबरात हवामान बिघडून बोटी बंद पडल्या, तेव्हा हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकून पडले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. याचा अर्थ दिवाळीत गेलेल्या प्रत्येकाची सहल फसते असा नाही. पुष्कळांना निळे आकाश मिळते. पण वृद्ध माणसे सोबत आहेत, परतीचे विमान ठरलेले आहे, आणि मुलाला पाण्याखाली स्वच्छ दिसावे अशी अपेक्षा आहे. या तिन्ही गोष्टींसाठी जानेवारी ते एप्रिल हे महिने चांगले. एप्रिलमध्ये समुद्र शांत असतो, पण ऊन वडिलांना सोसणार नाही. म्हणून मी फेब्रुवारी सुचवते. मुलाची शाळा चार-पाच दिवस बुडेल, हे तुमच्या मनात येणारच. सहावीतल्या मुलाचे बुडालेले चार दिवस भरून काढता येतात, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्गशिक्षकांना आधी भेटून सांगा. दिवाळीशिवाय रजा मिळतच नसेल, तर दिवाळीत जा, पण मग खाली सांगते तो मोकळा दिवस कोणत्याही मोहापायी भरून टाकू नका.

तिसरे गृहीतक असे की एवढ्या लांब जातोच आहोत, तर सगळे पाहून यावे. सहा रात्रींत चार ठिकाणे म्हणजे रोज सामान बांधणे, रोज पहाटे उठणे आणि रोज जेट्टी. बाराटांग मी तुमच्या यादीतून काढायला सांगेन, आणि त्याची दोन कारणे आहेत. तिथल्या चुनखडीच्या गुहांसाठी मध्यरात्र उलटताच उठून निघावे लागते, गाड्यांच्या ताफ्यात थांबत जावे लागते, आणि अख्खा दिवस त्यात जातो. वडिलांना हे मुळीच सोसणार नाही. पण दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. त्यांची संख्या जेमतेम काही शे आहे, बाहेरच्या आजारांशी त्यांच्या शरीराची ओळख नाही, १९९९ आणि २००६ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती. त्यांचे फोटो काढणे, त्यांना खाऊ देणे, गाडी थांबवणे हे सगळे कायद्याने मना आहे. तरीही गाडीत बसलेल्या माणसांच्या नजरा गुहांपेक्षा रस्त्याच्या कडेलाच असतात, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. बारा वर्षांच्या मुलाला तुम्ही तिथे का नेले नाही, हे त्याला समजावून सांगितले तर ते त्याला नक्की कळेल.

नीलही या खेपेला सोडा. त्या एका रात्रीसाठी आणखी एक जेट्टी, आणखी एक खोली आणि आणखी एकदा सामानाची बांधाबांध करावी लागेल.

मग क्रम कसा लावायचा? पुष्कळ लोक आधी हॅवलॉकला जातात आणि जेल परतीच्या आदल्या दिवशी ठेवतात, कारण विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला असणे शहाणपणाचे असते. ते शहाणपणाचे आहेच. पण हवामानामुळे बोट एक दिवस उशिरा निघाली तर जो दिवस बुडेल तो जेलचा असेल, आणि तुमचे वडील त्यासाठीच इतक्या लांब येत आहेत. म्हणून तुमच्या घरासाठी मी उलटा क्रम सुचवते. पहिल्या दिवशी नुसते पोहोचा आणि विश्रांती घ्या. कोल्हापूरहून पुणे किंवा मुंबई, तिथून बहुधा चेन्नईमार्गे पुढचे विमान, एवढ्याने वडील थकलेले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी जेल. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे तीन रात्री. सहाव्या दिवशी सकाळच्याच बोटीने परत, आणि त्या दिवशी पोर्ट ब्लेअरला काहीही ठरवू नका. बोट वेळेवर आली तर समोरचे पूर्वीचे रॉस बेट पाहता येईल. नाही आली तर रॉस बेट राहिले, एवढेच होईल. सातव्या दिवशी विमान. सकाळच्या बोटीचा आग्रह मी यासाठी धरते की ती रद्द झाली, तर दुपारची मिळण्याची निदान शक्यता असते. मी आईला घेऊन गेले होते तेव्हा दुपारची बोट धरली होती. ती रद्द झाली, आणि ज्या एजंटाकडून तिकिटे घेतली होती त्याचा फोन संध्याकाळपर्यंत लागला नाही. जेट्टीवरच्या बाकावर आईचे ते तीन तास कसे गेले, ते मला अजून आठवते.

वेळेचे आणखी एक गणित आपल्याकडच्या लोकांना तिथे गेल्यावरच कळते. घड्याळ एकच असले तरी अंदमान कोल्हापूरच्या पूर्वेला जवळजवळ साडेअठरा रेखांशांवर आहे, म्हणजे सूर्य तिथे सव्वा तासाच्या आसपास आधी येतो आणि तितकाच आधी जातो. नोव्हेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो, फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास. दुपारी जेवून, वामकुक्षी करून, चारचा चहा घेऊन समुद्रावर जाऊ म्हणाल, तर पोहोचेपर्यंत अंधार पडू लागलेला असेल. पहाटे साडेपाचला उजेड असतो. वृद्धांना लवकर उठण्याची सवय असतेच. या बेटावर तिचा खरा उपयोग होतो.

आता मुलाच्या स्कूबाविषयी, आणि इथे मी जरा थांबून लिहिते, कारण तुम्ही दम्याचा उल्लेख पत्राच्या शेवटी, ओझरता केला आहे. वयाची अडचण नाही. पहिल्या ओळखीच्या डुबकीला दहा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि पोहता येण्याची सहसा अट नसते, कारण प्रशिक्षक सतत धरून असतो. अडचण फुप्फुसांची आहे. पाण्याखाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या दाबाखाली घेतलेला श्वास वर येताना प्रसरण पावतो आणि तो मोकळेपणाने बाहेर पडावा लागतो. श्वासनलिका आकुंचन पावलेल्या असतील तर हवा आत कोंडून फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि ही इजा गंभीर असते. डुबकीपूर्वी एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. त्यात दम्यापुढे ‘नाही’ अशी खूण करण्याचा मोह मुलाचा हिरमोड टाळण्यासाठी होतो, आणि आजूबाजूचे लोकही ‘काही होत नाही’ म्हणून भर घालतात. कृपा करून तसे करू नका. निघण्यापूर्वी फुप्फुसांच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या आणि त्यांचे लेखी मत सोबत न्या. त्यांनी नकार दिला तर तो नकार मुलाला कोल्हापुरातच कळू द्या, बोटीवर नव्हे. त्यांनी होकार दिला तरी सर्दी झालेली असेल त्या दिवशी डुबकी नको, कानाला दडे बसतात. आणि डुबकी व विमान यांच्यात किमान चोवीस तास जाऊ द्या. वर सांगितलेल्या क्रमात चौथ्या दिवशी सकाळी डुबकी घेतली, तर हे अंतर आपोआप राहते.

नकार आला तर एलिफंट बीच आहे. हॅवलॉकच्या जेट्टीवरून छोट्या बोटीने तिथे नेतात, आणि कंबरभर-छातीभर पाण्यापासून पुढे प्रवाळ सुरू होतात. तोंडावर मुखवटा आणि हवेची नळी लावून, रबरी कड्याला धरून तरंगत राहायचे आणि प्रशिक्षक ओढत नेतो. खोल जायचे नसल्याने वाढत्या दाबाचा प्रश्न येत नाही. इथेही प्रशिक्षकाला दम्याविषयी सांगा आणि पंप काठावर हाताशी ठेवा. माझ्या मते पहिल्या खेपेला मुलांना यातच जास्त मजा येते, कारण उपकरणांच्या धास्तीत वेळ जात नाही. हत्ती मात्र तिथे दिसणार नाहीत, हे त्याला आधी सांगा. लाकूडतोडीच्या कामासाठी या बेटांवर हत्ती आणले होते. समुद्रात पोहणारा म्हणून प्रसिद्ध झालेला राजन हा हॅवलॉकवरचा हत्ती २०१६ मध्ये गेला. प्रवाळांवर पाय ठेवू नये, हात लावू नये. तो दगड दिसत असला तरी जिवंत असतो. आणि मुलाच्या शंख-शिंपल्यांच्या छंदाला इथे पूर्ण सुट्टी द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ आणि कित्येक शंख संरक्षित आहेत, किनाऱ्यावरचा मेलेला तुकडासुद्धा उचलून आणू नये, आणि परतताना विमानतळावर सामानाच्या तपासणीत सापडला तर तो काढून घेतात व चौकशी होते ती वेगळीच. त्याला एक वही द्या. सापडलेला शंख काढून, त्याखाली किनाऱ्याचे नाव लिहून, शंख जागेवर ठेवायचा.

मगरींविषयी तुम्ही विचारले, ते योग्यच केले, कारण सहलीच्या रंगीत पत्रकांत हा विषय नसतो. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. २०१० मध्ये राधानगर किनाऱ्याजवळच्या एका खाडीवजा भागात एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण नियम पाळायचे कारण नक्की आहे. जीवरक्षक असतील तिथेच आणि त्यांनी आखलेल्या हद्दीतच पाण्यात उतरा. ओढा समुद्राला मिळतो तिथे, खारफुटीच्या कडेला, आणि तिन्हीसांजेनंतर पाण्यात जाऊ नका. लाल फलक लावलेला असेल तिथे ‘दोनच मिनिटे’ म्हणूनही नको.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देते. भारतीयांना या बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही, मात्र मूळ ओळखपत्र प्रत्येकाचे जवळ हवे, मुलाचेही, आणि बोटीच्या तिकिटावरचे नाव त्याच्याशी जुळायला हवे. हॅवलॉक आणि स्वराज द्वीप ही दोन बेटे नाहीत. २०१८ च्या डिसेंबरात नाव बदलले. नीलचे शहीद द्वीप झाले, रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम. तिकिटावर नवे नाव आणि बोलण्यात जुने, असे तुम्हाला सर्रास आढळेल. हॅवलॉकवरची माणसे तर गावांना नंबरांनीच ओळखतात. गोविंदनगर म्हणजे तीन नंबर, विजयनगर म्हणजे पाच नंबर, राधानगर म्हणजे सात नंबर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे वसवले गेले, म्हणून घरांत बंगाली बोलतात; हिंदी सगळ्यांना येते. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून फोन आणि इंटरनेट पूर्वीपेक्षा बरेच सुधारले आहे, तरी ते बंद पडले म्हणून अडायला नको इतकी रोख रक्कम जवळ ठेवा.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी करू नका. बंगाली घरांच्या छोट्या खाणावळींत वरण, भात, भाजी मिळते. मासे शिजवलेल्या भांड्यांचा त्यांना प्रश्न पडत असेल, तर शुद्ध शाकाहारी जेवण कुठे मिळेल हे खोली ठरवतानाच विचारून घ्या. भाज्या बऱ्याच प्रमाणात बाहेरून येतात, त्यामुळे ताट कोल्हापूरपेक्षा महाग पडेल आणि खराब हवेत जिन्नस कमीही होतात. मेतकूट, भाजके पोहे, थोडे लाडू बरोबर असले की त्या निर्धास्त राहतील.

सहल कंपनी की स्वतंत्र, हे मी तुमच्यावर सोपवते. मराठी मंडळींच्या गटात सासूबाईंना सोबत मिळेल, जेवण ओळखीचे मिळेल, आणि बोट रद्द झाली तर धावपळ दुसरे कोणी करील. हे फायदे खरे आहेत. पण गटाची चाल ठरलेली असते आणि वडिलांना जिन्यावर पाच मिनिटे बसायचे असेल तेव्हा गट पुढे गेलेला असतो. चौकशी करताना तीन गोष्टी लेखी मागा. हॅवलॉकवर प्रत्यक्ष किती रात्री मुक्काम आहे, बोट रद्द झाली तर जादा रात्रीचा खर्च कोणी करायचा, आणि एखाद्या दिवशी वृद्धांनी खोलीवरच थांबायचे ठरवले तर चालेल का. या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर स्वतंत्र जा. पाच माणसांना एक गाडी पुरते, खोल्या तळमजल्यावरच्या मागा, आणि भाड्याच्या स्कूटरचा विचार सोडा.

सासूबाईंना पाण्याची भीती आहे, म्हणून त्यांना बेटावर करण्यासारखे काही नाही, असे तुम्ही लिहिले आहे. राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, रुंद आहे, आणि वाळू संपते तिथे उंच झाडांची दाट सावली सुरू होते. माझी आईही पाण्याला घाबरणारी होती. तिने त्या सावलीत बसून दोन संध्याकाळी काढल्या, आणि तिसऱ्या दिवशी कुठे जायचे असे विचारल्यावर पुन्हा तिथेच म्हणाली. तेव्हा येत्या रविवारी जेवणे झाल्यावर दोघांना एकत्र बसवा, बेटाचा नकाशा समोर ठेवा, आणि बोट, जिना, रुग्णालय या तिन्ही गोष्टी जशा आहेत तशा सांगून त्यांना काय वाटते ते विचारा. दोघेही यायला तयार झाले, तर राधानगरला जाताना एक चटई, डासांचे मलम आणि एक बॅटरी बरोबर घ्या. साडेतीनपर्यंत पोहोचा, कारण सूर्य मावळल्यावर जेट्टीकडच्या बाजूला परतायचा बारा किलोमीटरचा रस्ता अंधारातला असतो, आणि नेणारी गाडी तिथेच थांबेल हे गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवा.